तळहातावरचा चहा

“अब ये अफू-बिफू कोण पितो, काका? ठेवून द्या ती वाटी,” मारुती म्हणाला आणि त्यानं चहाच्या दोन कपबश्या म्हाताऱ्या बापापुढं आणि काकापुढं ठेवल्या. साहेबाच्या बंगल्यावर नोकरीला लागल्यापासून त्यानं हे नवं पेय घरात आणलं होतं.

गणोजीचं डोकंच फिरलं. धारहून देवासपर्यंत बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेतली, ती काय या काळ्या पाण्यासाठी? सकाळपासून भावाच्या ओसरीवर बसून त्यानं अफू पाण्यात घोटली होती, फडक्यातून गाळली होती. भाऊबंदांतला तंटा मिटवायचा तर तो असाच मिटतो. थोरल्यानं तळहातावर हे अफूचं पाणी, कसुंबा, घ्यायचा आणि धाकट्यानं त्याच हातातून प्यायचा, की मागचं सगळं संपलं. वडील वारल्यावर त्यांच्या घोडीवरून गणोजी आणि दत्ताजी भांडले, ते पुन्हा एकमेकांच्या दारात गेले नव्हते. आता गणोजीच्या मालनचं लग्न तोंडावर आलं होतं. मांडवात सख्खा काका नसला तर व्याही काय म्हणतील, आणि पोरीला काय वाटेल?

“तुझा आजा कसुंबा घेतल्याशिवाय घोड्यावर मांड टाकत नव्हता,” गणोजी मारुतीला म्हणाला. “मी नुसता सणावारी घेतो. आज तर घोटभराचं काम आहे.”

“आमच्या आबांची सवय बडी मुश्किलीनं सुटलीय. एक घोट गेला की फिर वही. समेटच करायचाय ना? चाय प्या, बोला, हो गया.”

पोरगं खोटं बोलत नव्हतं, म्हणून तर गणोजीला जास्तच राग आला. दत्ताजी मान खाली घालून बसला होता. दसऱ्याला भावाशी पैजा लावून पिणारा हा माणूस आता पोराच्या तोंडाकडं बघून कप उचलत होता.

“दत्ता, तू काय म्हणतोस?”

“दादा, माझं आता घरात काय चालतंय? मालनच्या लग्नाला येतो ना मी.”

“भांडण पोटात ठेवून येऊ नकोस.”

ज्याचा कप त्याच्या तोंडाला, यात कसला आलाय समेट? गणोजीनं चिडून वाटी बाजूला सारली, आपला कप उचलला आणि चहा सरळ तळहातावर ओतला. हात चांगलाच भाजला. त्यानं ओठ घट्ट मिटले, पण हात तसाच पुढं धरला.

मारुती पुढं सरकला. “आबा, तोंड पोळेल.”

दत्ताजीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. दोन्ही हातांनी त्यानं भावाचा हात खालून धरला आणि तो फुंकर घालू लागला. चहा बोटांच्या फटींतून सतरंजीवर गळून गेला. दत्ताजी वाकला तेव्हा तळहात नुसता ओला राहिला होता. त्यानं त्या ओल्या हाताला ओठ लावले.

“प्यालो, दादा.”

हा समेट धरायचा की नाही? विचारावं तर दोन्ही घरांत त्या दोघांपेक्षा जुनं माणूस आता कुणी उरलं नव्हतं. गणोजीनं हात पुसला नाही, तसाच मांडीवर ठेवला.