करवंटीचं माप

माझी बायको चंद्रा जानेवारीत गेली. मे महिन्यात बाजारात कैऱ्या आल्या तेव्हा मी सुनेला म्हणालो, यंदाही लोणचं घालायचं.

"बाबा, मला कुठे येतं?" भाग्यश्री म्हणाली. "आई मला फक्त कैऱ्या पुसायला बसवायच्या."

"करवंटी आहे ना."

ही नारळाची करवंटी माझ्या आईची, कड घासून गुळगुळीत केलेली. दहा कैऱ्यांना एक करवंटी मीठ, कडेला सपाट, वर शीग नाही. आईने हे चंद्राला सांगितलं. चंद्रा दर वर्षी मोठ्याने बोलत मोजायची, म्हणून मलाही पाठ होतं. मसाला किती घालायचा ते भाग्यश्रीने बघितलेलं होतं. मला वाटलं, आणखी काय लागतं?

कपाटात चंद्राच्या हातची शेवटची बरणी होती. तळाशी चार बोटं लोणचं उरलं होतं. ती मी कुणाला उघडू देत नव्हतो. माझ्या मुलाने, प्रणयने, एकदा पेजेबरोबर मागितलं तर त्याला दुकानातलं आणून दिलं. ती बरणी संपली की तिच्या हातची चव घरातून गेली. नवीन तसंच जमलं तरच राहणार होती.

वाशीच्या मार्केटमधून तीस कैऱ्या आणल्या. भाग्यश्रीने ऐरोलीतल्या दुकानातून मीठ आणलं. तीन करवंट्या मी स्वतः भरल्या, बोटाने सपाट केल्या.

आठव्या दिवशी चाखलं. तोंडात धरवेना इतकं खारट.

"मुरलं की उतरेल," मी म्हणालो.

"बाबा, मीठ कुठे जाणार आहे बरणीतून?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. करवंटी तीच, माप तेच. चंद्रा शेवटी थोडं मीठ काढून ठेवत असेल आणि माझं लक्ष नसेल, असं वाटत राहिलं. तिला विचारायची सोय नव्हती.

रविवारी तिची मोठी बहीण दुर्गाबाई गावठाणातून आली. तिने फोड तोंडात टाकली आणि मोरीत जाऊन थुंकली.

"ह्याला लोनचं म्हनतात? मीठ कनचं घातलं?"

भाग्यश्रीने पुडा दाखवला.

"बारीक मीठ? अगं, चंद्राला दर साली खडं मीठ मी द्यायची. खड्यांमधी फट ऱ्हाते. बारीक मीठ त्याच करवंटीत किती जास्त मावतं!" मग ती माझ्याकडे वळली. "भावजी, तुमचा बाप जलमभर मिठागरावर राबला. तुमाला हे कळू नये?"

भाग्यश्रीला हसू आलं. माझ्याकडे बघून तिने ते आवरलं.

दुर्गाबाईचं खरं होतं. लहानपणी मी बापाबरोबर मिठागरावर जायचो. खडे पायाला टोचायचे. मिठागर बंद पडलं, मी कंपनीत लागलो, आणि घरात पुड्यातलं मीठ यायला लागलं. चंद्रा लोणच्यासाठी वेगळं मीठ आणते हे इतक्या वर्षांत मी विचारलंच नव्हतं.

"आता काय करायचं, मावशी?" भाग्यश्रीने विचारलं.

"आनखी कैऱ्या घाला, बिनमिठाच्या. किती ते चाखून ठरवा. चंद्राचं हाय ना थोडं? त्याच्याशी जुळवा."

"ते राहू दे," मी म्हणालो.

"कुनासाठी ठेवलंय? ती येनार हाय खायला?"

मी उठून बरणी काढली.

हंगाम संपत आला होता. शोधून पंधरा घट्ट कैऱ्या मिळाल्या. पाच कापून घातल्या, बाकीच्या फ्रिजमध्ये ठेवल्या, आठवडाभर थांबलो, मग मी आणि भाग्यश्रीने चाखलं. आधी चंद्राचं, वर पाणी, मग नवीन. अजून खारट. पुन्हा पाच, पुन्हा आठवडा. प्रत्येक वेळी जुन्या बरणीतल्या दोन फोडी जायच्या. शेवटच्या पाच घातल्यावर भाग्यश्री म्हणाली, "बाबा, आता फरक कळत नाही."

मला कळत होता. चंद्राचं जरा जास्त आंबट होतं. पण मीठ बरोबर होतं.

जुन्या बरणीत तेल तेवढं उरलं होतं. त्यात मी, प्रणय आणि भाग्यश्रीने भात कालवून खाल्ला. भाग्यश्रीने बरणी धुऊन उन्हात ठेवली आणि मार्कर घेऊन करवंटीवर बाहेरून लिहिलं, खडं मीठ.

एरवी आईच्या वस्तूवर कुणी लिहिलेलं मला आवडलं नसतं. मी करवंटी हातात घेऊन बघितली.

"मोठ्या अक्षरात लिही," मी म्हणालो. "मला चष्म्याशिवाय दिसत नाही."