खिशातली डिव्हिजन

रोस्विता पालोकाटच्या कामात चुकायला जागाच नव्हती, कारण काम होतं टाचण्यांचं. बर्लिनच्या दक्षिणेला, पाइनच्या रानात जमिनीखाली पुरलेल्या जर्मन लष्कराच्या त्या मुख्यालयात एक भिंतभर नकाशा होता आणि पूर्वेची सगळी आघाडी त्यावर कागदी निशाणं होऊन उभी होती. एक निशाण म्हणजे एक डिव्हिजन, म्हणजे दहा-बारा हजार माणसं. ती सरकली की रोस्विता टाचणी सरकवायची. जळालेल्या गावांसाठी निशाण नव्हतं, आणि चार वर्षांत तिनेही ते कधी मागितलं नव्हतं.

या मुख्यालयाकडे फक्त पूर्व आघाडी. बाकीच्या आघाड्या कुंपणापलीकडच्या मुख्यालयाच्या. तेही त्याच रानात, शंभर पावलांवर. पण वेगळ्या चुली मांडलेल्या जावा बऱ्या म्हणायच्या. शिक्के वेगळे, नकाशे वेगळे, रुसवेही वेगळे. एखादी डिव्हिजन पश्चिमेकडून पूर्वेला निघाली की पलीकडचे आपल्या नकाशावरचं निशाण काढून पाकिटात घालत आणि इकडे पाठवत. सोबत ताबाचिठ्ठी यायची. तिच्यावर दोन्हीकडच्या सह्या झाल्याशिवाय निशाण टोचायचं नाही. तिथला माणूस एक वेळ जेवण चुकवेल, सही चुकवणार नाही.

जानेवारी पंचेचाळीसच्या त्या सकाळी पाकीट आलं, चिठ्ठी आली नाही. निशाणावरचा आकडा रोस्विताने दोनदा वाचला. तिचा धाकटा भाऊ आर्नो त्याच डिव्हिजनमध्ये बिनतारी यंत्रावर होता. "तू वरच्या कचेरीत बसतेस, त्याच्यावर नजर ठेव," असं आईने बजावलं होतं. तिने निशाण एप्रनच्या डाव्या खिशात टाकलं. उजव्या खिशात हिरव्या पेन्सिली होत्या. हिरवा रंग एकट्या मुख्यालयाच्या प्रमुखांचा. इतरांना लाल, निळा, तपकिरी. कागदावर एक हिरवी खूण उमटली की हुकूम झाला. त्या पेन्सिलींना रोज टोक काढायचं काम रोस्विताचंच.

दहा वाजता तार आली. डिव्हिजन आगगाड्यांत बसून ओडर नदीपलीकडच्या एका स्टेशनात अडकली होती. रशियन रणगाडे दुपारपर्यंत पोचणार. गाड्या सोडून पायी नदी ओलांडू का, परवानगी द्या. खाली पाठवणाऱ्याची आद्याक्षरं होती, आ. पा. परवानगीशिवाय मागे फिरणाऱ्याला तेव्हा गोळी होती.

ती धावतच मेजर टेसनोंकडे गेली.

"मेजरसाहेब, यांना हो म्हणा."

"अहो, पण ही आपली झालीय कुठे? ताबाचिठ्ठी कुठाय?"

"निशाण आलंय. हे काय, माझ्या खिशात."

"निशाण म्हणजे चिठ्ठी नव्हे, पालोकाटबाई. उद्या पलीकडचे म्हणतील, आमच्या माणसांना मागे बोलावणारा हा कोण टिकोजी? गोळी घालायला भिंतीशी मला उभं करतील, तुम्हाला नाही. जा, तिकडे दाखवा."

पलीकडे हवालदार श्टुम्प पावाला सलगमाचा मुरांबा फासत बसला होता.

"ती? काल सहालाच काढली की आम्ही! दिल्या घरी सुखी राहा म्हणावं."

"मग चिठ्ठी द्या ना."

"चिठ्ठी कर्नलांच्या टेबलावर, कर्नल बर्लिनला. चारला या."

"चारला तिथे कोण उरणार आहे?"

श्टुम्पचं हसू मावळलं. "तुमचं कोण आहे तिथे?"

"भाऊ."

त्याने हातातला पाव खाली ठेवला. "बाई, मी साधा हवालदार. माझ्या पेन्सिलीला काळ्याशिवाय रंग नाही."

ती परतली तेव्हा दुसरी तार येऊन पडली होती: परवानगीची वाट पाहत आहोत. साडेअकराला तिसरी आली: आम्ही कुणाच्या ताब्यात आहोत, ते तरी कळवा.

रोस्विताने परवानगी मागणारी ती पहिली तार घेतली, दप्तराच्या खोलीत शिरून कडी लावली आणि हिरवी पेन्सिल काढली. तारखात्यातली मुलगी फक्त रंग बघायची. एक खूण, आणि हजारो माणसं नदीकडे धावत सुटली असती. तिने कागद गुडघ्यावर ठेवला. भिंतीशी उभी असलेली ती स्वतः तिला दिसली. मग सगळ्यात मूर्ख विचार आला, की प्रमुखांची खूण डावीकडे झुकते आणि आपली उजवीकडे झुकेल. तिला भीती वाटली, आणि त्या भीतीला तिने नियम हे नाव दिलं. पेन्सिल परत खिशात गेली.

चार वाजता चिठ्ठी आली, दोन्ही सह्यांसकट. तिने निशाण बरोबर त्या स्टेशनावर टोचलं.

"बघा, झालं की नाही रीतसर?" मेजर म्हणाले.

त्या आकड्याची तार पुन्हा आली नाही.

लढाई संपली. रोस्विता आईला घेऊन हॅनोव्हरकडे आली, शिवणकाम करू लागली. दुसऱ्यांच्या कपड्यांना ती सुरेख खिसे लावायची. स्वतःच्या प्रत्येक एप्रनचे, कोटाचे खिसे मात्र तिने शिवून बंद केले होते. तरी बोलता बोलता तिचा डावा हात तिथेच जायचा आणि टाचणी बोचल्यासारखा मागे यायचा. आईला वाटे, थंडीने बोटं दुखतात पोरीची.

आठ वर्षांनी हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या कचेरीतून दोघींना बोलावणं आलं. चष्मेवाल्या सज्जन कारकुनाने दोन्ही मुख्यालयांच्या रोजनिशींच्या नकला समोर उघडल्या.

"हे बघा आजी, या रोजनिशीत तुमच्या मुलाची डिव्हिजन अठ्ठावीस तारखेच्या संध्याकाळी सहापर्यंत आहे. या दुसरीत एकोणतीसच्या दुपारी चारपासून. मधे ती कुठेच नाही. मग कुठे आणि केव्हा, हे मी मृत्यूच्या दाखल्यावर लिहू तरी काय?"

आई कानाने अधू झाली होती, पण एवढं तिला ऐकू गेलं.

"म्हणजे? एवढी माणसं कुठेच नाहीत असं होतं का कधी? माझा आर्नो होता कुठे त्या दिवशी?"

रोस्विताचा हात कोटाच्या शिवलेल्या खिशावर गेला. या वेळी तिने तो मागे घेतला नाही.

"माझ्या खिशात होता, आई."

"काय म्हणालीस?"

रोस्विताने पुन्हा सांगितलं, मोठ्याने.