अनवरीचा वजा एक

परतूरला स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर इजहार पिंजाऱ्याचं गाद्यांचं दुकान आहे. पाटीवर नाव इजहारचं, पण दुकान चालतं ते त्याच्या बायकोच्या, अनवरीच्या जिवावर, हे आख्ख्या बाजाराला माहीत आहे. रुईची मूठ हातात धरली की त्यात भेसळ किती, हे ती डोळे मिटून सांगते. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याला कडक गादी लागणार की मऊ, हे तिनं त्याच्या चालीवरून ओळखलेलं असतं. बोलण्यात तिला हरवेल असा व्यापारी मोंढ्यात अजून तरी बसलेला नाही.

अशी ही बाई एका शब्दापुढं मात्र गप्प व्हायची. सिबिल.

कर्ज देण्याआधी बँका माणसाचा जो नंबर बघतात, त्याला गावात सगळे सिबिलच म्हणतात. दोन वर्षांमागं अनवरीनं इजहारच्या नावावर हप्त्यानं फ्रिज घ्यायचं ठरवलं होतं. दुकानदारानं इजहारचं पॅन कार्ड घेतलं, कॉम्प्युटरवर काहीतरी बघितलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं सांगितलं, "जमणार नाही, सिबिल खराब आहे." ज्या घरानं कधी कुणाचं उधार ठेवलं नाही, त्या घराला हे ऐकावं लागलं. अनवरी तिथून निघाली ती तडक भुजंगकडं गेली. भुजंगचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीचं उत्तर त्याच्याकडं तयार असायचं.

"तुमच्या देरानं टेम्पोचे हप्ते थकवलेत ना?" भुजंग म्हणाला. "मंग झालं तर. एका घराचं सिबिल एकच असतंय भाभी. पत्त्यावरच डाग पडतो. आन एक सांगतो, सिबिल सारखं बघत बसू नका. एकदा बघितलं की दहा नंबर जातात."

अतिक हा इजहारचा धाकटा भाऊ. तो आणि त्याची बायको तरन्नुम त्याच घरात मागच्या दोन खोल्यांत राहायचे. त्या संध्याकाळी अनवरी त्यांना नको ते बोलली. "तुमच्या एका टेम्पोपायी आमचं सगळ्यांचं नाव गेलं," असं म्हणाली. अतिक मान खाली घालून ऐकत राहिला. आठवड्याभरात त्यानं गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली बघितली आणि सामान हलवलं.

तेव्हापासून दोन्ही घरांत जाणं-येणं नव्हतं. दोन ईदी झाल्या, पण शीरखुर्म्याची वाटी इकडून तिकडं गेली नाही. अनवरी कुणाला सांगायची नाही, पण तिला तरन्नुमची फार आठवण यायची. दहा वर्षं दोघी एकाच गादीला दोन बाजूंनी टाके घालत आल्या होत्या. मधोमध दोघींची दाभणं भेटली की गादी पुरी व्हायची. आता अनवरी एका बाजूचे टाके संपवून स्वतःच उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसायची.

एप्रिलच्या सुरुवातीला एका सकाळी वाटूरहून झुंबरबाई आल्या. तिथल्या मुलींच्या वसतिगृहाची सगळी व्यवस्था त्या बघायच्या. धिप्पाड बाई, आवाजही तसाच.

"एकशे चाळीस गाद्या पाहिजेत," त्या बसायच्या आधीच म्हणाल्या. "पोरी सतरंजीवर झोपून राह्यल्यात. आता मंजुरी आलीय. दहा जूनला खोल्यांत टाकलेल्या दिसल्या पाहिजेत. जमतंय का बोला, न्हाईतर मी जालन्याला जाते."

"जमतंय," अनवरी म्हणाली. आतल्या खोलीत इजहारच्या हातातला चहा सांडला.

झुंबरबाई गेल्यावर तो बाहेर आला. "अगं, आपलं मशीन दिवसाला दोन गाद्यांची रुई पिंजतंय. तेबी त्याची मर्जी असली तर."

"मंग नवं घेऊ."

नवं मशीन दोन लाख साठ हजारांचं होतं. अनवरीनं लाखभर रुपये साठवले होते. उरलेल्यासाठी कर्ज काढावं लागणार होतं, आणि कर्ज म्हटलं की सिबिल आलंच. ती पुन्हा भुजंगकडं गेली. त्यानं जरा विचार केल्यासारखं केलं आणि सांगितलं, की वर ओळख आहे, सहा हजारांत सिबिल साडेसातशेवर नेऊन देतो.

सहा हजार काढायला अनवरी बँकेत गेली. पैसे काढायची स्लिप भरताना रकान्यात काहीतरी चुकलं, म्हणून तिनं शेजारच्या टेबलावरच्या मॅडमला विचारलं. शीतल मॅडम नव्याच बदलून आल्या होत्या, कर्जाचं काम बघायच्या. स्लिप नीट करून देताना त्यांनी सहज विचारलं, "काय घरात कार्यक्रम आहे का ताई?"

"न्हाई, सिबिल वाढवायला द्यायचेत."

शीतल मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कुणाला द्यायचेत?"

अनवरीनं सगळं सांगितलं. ऑर्डर, मशीन, देराचा टेम्पो, पत्त्यावरचा डाग. शीतल मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पैसे खात्यातच राहू द्या. पैसे घेऊन नंबर वाढवून देणारा कुणी नसतो. आधी तुमचा नंबर बघू. मोबाइल आणलाय ना?"

अनवरीनं मोबाइल पदराखाली घेतला. "नका मॅडम. बघितलं की दहा जातात."

"स्वतःचा स्वतः बघितला तर एकही जात नाही. महिन्याभरात दहा ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकले, आणि त्या दहा जणांनी तपासलं, तर थोडा उतरतो. आरशात बघून कुणी बारीक होतं का?"

हे अनवरीला पटलं. तिनं मोबाइल पुढं केला. मॅडमनी पॅन नंबर टाकला, मोबाइलवर आलेला आकडा टाकला, आणि स्क्रीन तिच्याकडं वळवली. तीनशे ते नऊशेतला कुठला तरी पडका आकडा असणार अशी तयारी अनवरीनं केली होती. तिथं लिहिलं होतं, वजा एक.

ती खुर्चीवर मागं टेकली. शून्याच्याही खाली माणूस जाऊ शकतो, हे तिला माहीत नव्हतं.

"कामून पण?" तिचा आवाज बारीक झाला. "आजवर कुणाचा एक रुपया घेतला न्हाई मी."

"म्हणूनच," शीतल मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. "अहो ताई, वजा एक म्हणजे नापास नाही. म्हणजे तुम्ही परीक्षेलाच बसलेल्या नाहीत. घेतलेलं कर्ज माणूस वेळेवर फेडतो का, यावरून हा नंबर ठरतो. तुम्ही घेतलंच नाही, तर तो ठरवायचा कशावरून? कोरी पाटी आहे तुमची."

"मंग अतिकचा डाग?"

"कुठंय? दाखवा मला. नंबर माणसाचा असतो, घराचा नाही. देराचा देराजवळ, नवऱ्याचा नवऱ्याजवळ."

मग तिच्या व्यापारी डोक्यात पुढचा प्रश्न आला. "मंग आमच्या ह्यांना फ्रिज का न्हाई दिला?"

ते बघायला इजहारला आणावं लागणार होतं. दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून, दवाखान्यात सुई टोचून घ्यायला आल्यासारखा बसला. त्याच्या नावावर नंबर निघाला सहाशे अडतीस. खाली एक कर्ज होतं. टेम्पोचं. इजहारपुढं लिहिलं होतं, जामीनदार.

"मी तर साक्षीदार म्हणून सही केल्ती," इजहार म्हणाला.

"जामीनदार म्हणून केलीय," शीतल मॅडमनी समजावलं. "साक्षीदार नुसतं बघतो. जामीनदार म्हणजे त्यानं नाही भरलं तर मी भरीन असं लिहून देणारा. म्हणून ते कर्ज तुमच्या नावापुढंही दिसतंय, आणि ते थकलं तसा तुमचाही नंबर पडला."

अनवरीनं नवऱ्याकडं बघितलं. दोन वर्षं ती पत्त्याला दोष देत होती, आणि ही सही शेजारीच जेवत होती.

"तुमी एका शब्दानं बोलला न्हाईत."

"मला कळलं असतं तर बोललो असतो ना. त्यानं कागद पुढं केला, मी सही केली. वरून चहाबी पाजला."

त्याचा चेहरा इतका खरा होता, की रागवायला तोंड उघडलेली अनवरी हसायलाच लागली. शीतल मॅडमही हसल्या. मग त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "पण हे बघा. मधले काही हप्ते चुकलेत. नंतर त्यांनी थकबाकी भरली, आणि गेले सोळा महिने एकही हप्ता चुकलेला नाही. तुमचा नंबर हळूहळू वर येतोय, तो त्यांच्यामुळंच."

सोळा महिने. घर सोडून गेल्यावर आठच महिन्यांत अतिकनं गाडं रुळावर आणलं होतं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. अनवरीचं हसू थांबलं.

कर्जाचा अर्ज तिच्याच नावानं करायचं ठरलं. खात्यात पैसे पडून असल्यानं नंबर वाढत नाही, हे मॅडमनी बजावून सांगितलं. पण कर्ज द्यायचं की नाही हे ठरवताना बँक खातंही बघते आणि धंदाही. तीन वर्षांची बिलं आणा, झुंबरबाईंचं ऑर्डरचं पत्र आणा. अनवरीकडं बिलं पंधरा वर्षांची होती, महिन्यावार दोरीत ओवून ठेवलेली. पण ती आणायच्या आधी तिला दुसरीकडं जायचं होतं.

बँकेतून निघाल्यावर इजहारला दुकानावर पाठवून ती परस्पर अतिकच्या खोलीवर गेली. दारात तरन्नुम गहू निवडत होती. तिनं वर बघितलं आणि सूप हातातच राहिलं.

"अतिक हाय का?"

अतिक आतून आला. तो वाळला होता. अनवरीनं उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसली असती तर तिला बोलता आलं नसतं.

"मी चुकीचं बोलले होते. तुझ्या कर्जानं माझं काय बिघडलं न्हाई. बिघडलं ते तुझ्या भावाच्या सहीनं, आन ती त्यांनी त्यांच्या हातानं केली. दोन वर्षं मी तुम्हाला उगं दूर ठेवलं. मला माफ करा."

अतिक गोंधळला. "भाभी, हप्ते तर मी थकवलेच होते. इंजिन गेलं, चार महिने टेम्पो उभा होता. भाईजानची सही हाय म्हणूनच मी नंतर काय वाट्टेल ते करून भरले. मला वाटलं, तुम्हाला सहीचं माहीत हाय, म्हणूनच तुम्ही एवढ्या चिडल्यात."

"मला सहीचं आज कळलं. त्यांनाबी आजच कळलं."

अतिकला ते समजायला जरा वेळ लागला. मग त्यानं डोक्याला हात लावला आणि खाली बसला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. तो रडतोय असं वाटून तरन्नुम घाबरली, पण तो हसत होता.

तरन्नुमनं सूप बाजूला ठेवलं. "आपा, चहा टाकते," ती म्हणाली. मग आत जाता जाता थांबली. "एकशे चाळीस गाद्या म्हणे. बाजारात ऐकलं मी. एकट्या कधी शिवणार तुम्ही?"

"तेच तर इचारायला आले."

"इचारायला आले म्हणे," तरन्नुम म्हणाली, आणि डोळे पुसत आत गेली.

कर्ज अठरा दिवसांनी मंजूर झालं. मशीन अतिकच्याच टेम्पोतून आलं. चालू केलं तेव्हा इजहार दोन पावलं मागं सरला, आणि रुईचा असा ढग उडाला की समोरच्या हॉटेलवाल्यानं भजी झाकून ठेवली. दिवसाला बारा गाद्यांची रुई निघायला लागली. अतिकनं खोलीचं भाडं महिनाअखेरपर्यंत भरलं आणि सामान परत मागच्या दोन खोल्यांत आणून टाकलं. अनवरी या बाजूनं, तरन्नुम त्या बाजूनं, मधे दोन वर्षांच्या साठलेल्या गोष्टी. कधी कधी बोलण्याच्या नादात दाभणं एकमेकींना ओलांडून पुढं जायची आणि टाके उसवावे लागायचे.

पहिला हप्ता अनवरीनं चार दिवस आधीच भरला. मग ती रोज सकाळी मोबाइल उघडून वजा एक गेला का ते बघायला लागली. "अगं, नको बघू, उतरंल," असं इजहार सवयीनं म्हणायचा, आणि ती त्याला आरशाचं सांगायची. शेवटी शीतल मॅडमनी सांगितलं, की ताई, नंबर यायला सहा महिने तरी लागतील, तोवर गाद्या शिवा. भुजंग एकदा दुकानात आला, तो उशी घ्यायला. पैसे देता देता त्यानं हळूच विचारलं, "भाभी, बघितलं तर खरंच उतरत न्हाई का? मी माझं कधी बघितलंच न्हाई." अनवरीनं त्याला बाकावर बसवलं, त्याच्याच मोबाइलवर त्याचा नंबर काढून दिला, आणि सहा हजार मागितले नाहीत.

नऊ जूनला शेवटची खेप वाटूरला पोचली. शाळा भरायला वेळ होता, पण लांबच्या वाड्यांवरच्या पंधरा-वीस मुली आधीच आल्या होत्या. टेम्पोचं फळकं पडल्याबरोबर त्या धावल्या. दोघीदोघींनी एकेक गादी डोक्यावर घेतली आणि जिन्यावरून नेली. कुणाला खिडकीजवळ पाहिजे होती, कुणाला मैत्रिणीशेजारी. एका खोलीत गाद्या पसरून त्यावर कोलांट्या सुरू झाल्या. अनवरी दारात उभी राहून बघत होती. टाके उसवतील का, हे तिनं एकदाही मनात आणलं नाही.

झुंबरबाई यादी घेऊन आल्या. "मोजून घेते," त्या म्हणाल्या, "आन एक तपासूनबी घेते. पैसे सरकारचे हायत." कोपऱ्यातल्या गादीवर त्या आधी बसल्या, मग हातानं दाबून बघितलं, मग पाठ टेकून आडव्या झाल्या.

"कशी काय?" अनवरीनं विचारलं.

यादी पोटावर ठेवून झुंबरबाईंना झोप लागली होती. मुली कोलांट्या थांबवून बघत राहिल्या. तरन्नुमनं तोंडावर बोट ठेवलं, तशा सगळ्या चवड्यांवर चालत खोलीबाहेर आल्या, आणि अनवरीनं दार हळूच लोटून घेतलं.