टोपीने टिपलेली अक्षरं

त्रेसष्टाव्या वर्षी मी अक्षरं शिकले. झरीच्या शाळेत संध्याकाळी वर्ग भरतो, तिथे माझी नात रोशनी शिकवते. पाटीवर स्वतःचं नाव लिहिलं त्या दिवसापासून आमचा म्हातारा सुकऱ्या एकच म्हणतो, "वाचत नाहीस गं तू. पाठ केलंयस." इतक्यांदा म्हणाला की मलाही तसंच वाटायला लागलं. मार्चमधली परीक्षा द्यायची नाही, असं मी मनात ठरवून टाकलं.

तेवढ्यात डहाणूच्या कॉलेजात मुंबईच्या कीर्ती मॅडम आल्या. उशिरा वाचायला शिकलं की मेंदूत काय बदलतं, हे त्या तपासतात. सुई नाही, कापाकापी नाही. डोक्याला एक टोपी घालायची. मेंदू काम करतो तेव्हा आत अगदी बारीक वीज खेळते, ती टोपी टिपते. मी लगेच नाव दिलं. म्हटलं, म्हाताऱ्याला ही टोपीच उत्तर देईल.

तपासणीच्या तयारीचा कागद रोशनीने आणून दिला. पहिली ओळ मी स्वतः वाचली : 'डोके धुऊन यावे.' पुढे जोडाक्षरांची गर्दी होती, म्हणून घडी घालून पिशवीत ठेवून दिला. डोकं धुतलं. मग एवढ्या लोकांत जायचं, कोरड्या केसांनी कसं जाणार? वाटीभर खोबरेल जिरवलं आणि घट्ट अंबाडा बांधला.

कीर्ती मॅडमनी केसांना हात लावला आणि कपाळालाच हात मारला. "आजी, तेल? कागदावर लिहिलं होतं की!"

सोबत आलेला म्हातारा खोलीभर ऐकू जाईल असा हसला. "वाचता येतं म्हणे हिला!"

मला वाटलं, उठावं आणि सरळ झरीची गाडी धरावी. पण मॅडम घड्याळ बघत होत्या. "तेलावर टोपीतली ही बटणं काही टिपत नाहीत. तीन वाजता सामान मुंबईला जायचंय. आता बारा. धुवायचं का?"

"धुवायचं," मी म्हटलं.

कॉलेजच्या नळाखाली तीनदा शाम्पू केला. म्हाताऱ्यालाच तांब्या ओतायला लावला. "डोळ्यांत जातंय," मी ओरडले. "मग मीट ना," तो म्हणाला. पंख्याखाली केस सुकवले, तेव्हा कुठे ती जाळीदार टोपी डोक्यावर चढली.

समोरच्या पडद्यावर एकेक अक्षर क्षणभर यायचं आणि जायचं. काही मराठी, काही गुजराती. गुजराती अक्षरं तलासरीत ट्रकांवर रोज दिसतात, पण मला वाचता येत नाहीत. तपासायचं तेच होतं : नुसतं बघितलेलं आणि वाचता येणारं, यांतला फरक माझ्या मेंदूला कळतो का. तोंडाने काही बोलायचं नाही. लाल टिपका आला की हातातलं बटण दाबायचं आणि तेव्हाच पापणी मिटायची. शेकडो अक्षरं झाली. मान आखडली, पण छाती अशी धडधडत होती, की ती वीजसुद्धा टोपी टिपेल असं वाटलं.

मग मॅडमनी कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. दोन रेषा होत्या. मराठीची निळी, गुजरातीची तांबडी. दोघी बरोबरीने चालल्या होत्या आणि एका ठिकाणी निळी एकदम खोल उतरली.

"हा तुमच्या मेंदूचा डावा, मागचा भाग," मॅडमचा आवाज चढला होता. "अक्षर दिसल्यावर सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात त्याने ते ओळखलं! बघा, आजी, बघा!"

म्हातारा पडद्याला नाक लावून बघत होता. "म्हणजे पाठ केलेलं नाही?"

"एवढ्या वेळात पाठ केलेलं आठवतं का, आजोबा? वाचणाऱ्यांच्या मेंदूत दिसतं तेच इथे दिसतंय." मग त्या थोड्या सावरल्या. "अर्थात, एका माणसावरून आम्ही काही ठरवत नाही. अजून चाळीस जणांचं बघायचंय."

"तुमचं सावकाश ठरू दे," मी म्हटलं. टोपी अजून डोक्यावरच होती, गालावरून बटणांखाली भरलेलं चिकट जेल ओघळत होतं. "माझं ठरलं. ए म्हाताऱ्या, रोशनीला फोन लाव. म्हणावं, परीक्षेला माझं नाव घाल. आणि पिशवीतला तो कागद दे इकडे, राहिलेल्या ओळी वाचायच्यात मला."