साकेआसीची चटई

विलिमैना गिटारच्या खुंट्या पिळत बसली होती. नवऱ्याला मातीत ठेवून आल्या आल्या तिनेच त्या सैल सोडल्या होत्या. काल शंभर रात्री पुऱ्या झाल्या. आज सुतक फिटायचं, घरात गाणं परत यायचं, म्हणून आज तारा आवळायच्याही तिनेच.

"गंजल्यात त्या, आई. मी सिडनीहून नव्या आणल्यात," एरोनी दारातून म्हणाला.

"ठेव तिकडे. तुझ्या बापाचा आवाजही गंजकाच होता. जन्मभर चालल्या त्याला. आणि बूट काढ आधी, इथं काय हॉटेल आहे?"

त्याने बूट काढले. मग म्हणाला, "ही गिटार मला देशील?"

विलिमैनाने मान वर केली नाही. "देईन की. पण ही एकटी येत नाही. हिच्याबरोबर ती येते." तिने हनुवटीने खांबाजवळच्या चटईकडे दाखवलं. लोकरीच्या झालरीची, मधोमध बसून बसून काळी पडलेली. साकेआसी गेल्यापासून तिच्यावर कुणी टेकलं नव्हतं. "बसशील तिथे?"

एरोनी समुद्राकडे बघत राहिला. "शनिवारी कार्यक्रम आहे, आई. पहाटेच्या बोटीने निघावं लागेल."

"मग पेथेलीला जाईल ती. त्याने काकासाठी शंभर दिवस दाढीला हात लावला नाही. तू विमानतळावर केस कापून आलास."

एवढं बोलून तिने शेवटची खुंटी अशी पिळली की तार किंचाळली.

फिजीच्या या लेवुका बंदरात गाणं म्हणजे गोल बसून गाणं. यंगोनाचं, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या पेयाचं, लाकडी भांडं मधे, भोवती पुरुष. एकाने ओळ उचलायची, बाकीच्यांनी खांदा द्यायचा. एरोनी दुधाचे दात पडायच्या आधीपासून ओळ उचलत होता. काका, चुलतभाऊ मधल्या सुरांत, आणि खाली खर्जात बाप, साकेआसी. पोरगा मोठा झाला तसा राजधानीत, सुवाला गेला. तिथे एका हॉटेलात तिघं मिळून, कानाला फूल खोचून, पाहुण्यांच्या जेवणापुढे गायचे. मग एकाचं लग्न झालं, एक जहाजावर लागला. एरोनी एकटाच सिडनीला गेला आणि तिथे एकट्याचंच नाव झालं. आता मोठ्या दिव्याखाली एकटा उभा राहतो म्हणे. विलिमैनाला ते एकट्याने ताट पुढ्यात ओढून जेवल्यासारखं वाटे. पेथेलीने एकदा फोनवर त्याचं गाणं लावलं, तर तिने फोनवर पातेलं पालथं घातलं होतं.

दुपारी जमिनीतल्या भट्टीतून डुक्कर निघालं, कंद निघाले, माणसं जेवली. पुरुषांनी गोल धरला. पण गोल कसला? धाकटा दीर कितिओने, पेथेली आणि दोन म्हातारे, ज्यांतल्या एकाला ऐकू येत नव्हतं. बाकीचे कुणी ऑकलंडला, कुणी टेकडीवर मातीत. खांबाजवळ चटईची जागा मोकळी. एरोनी गोलाच्या बाहेर, भिंतीला टेकून.

विलिमैनाने गिटार पेथेलीच्या मांडीवर ठेवली.

"एक गाणं त्याला म्हणू दे, काकू," पेथेली पुटपुटला. "मग मी घेतो. तिकडच्या पेपरात आलंय, याच्या गाण्यातली शांतता फार मोठी आहे म्हणून."

"शांततेला टाळ्या देतात होय तिकडे? मग आमच्या टेकडीवर घेऊन या त्यांना. तिथे भरपूर आहे."

म्हातारे हसले. एरोनीही हसला आणि त्याने गिटार घेतली. बसला तो भिंतीपाशीच.

त्याने ओळ उचलली. बंदरात परतणाऱ्या होड्यांचं जुनंच गाणं. ओळ संपली आणि तो थांबला.

विलिमैना दाराशी वाडगी विसळत होती. दम घ्यायला थांबला असेल, असं तिला वाटलं. पण दम घेऊन झाला तरी तो थांबलेलाच. मग दुसरी ओळ. पुन्हा थांबला. तेवढाच.

तिच्या हातातली वाडगी पाण्यात गेली.

साकेआसी कधीच वेळेवर यायचा नाही. सगळ्यांचे सूर लागले की एक श्वास उशिरा त्याचा खर्ज खालून यायचा. गोलातले वैतागायचे. ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "आलात? होडी चुकली होती का?" आणि तो गाता गाताच हसायचा, त्याने सूर अजून हलायचा. एवढा उशीर जगात दुसऱ्या कुणाला होत नव्हता. तो तिला पाठ होता.

पोरगा थांबत होता तो नेमका तेवढा.

मोठ्या दिव्याखाली, परक्या माणसांपुढे, इतकी वर्षं. आणि ते पेपरवाले म्हणे शांतता.

तिसरी ओळ संपली. कितिओनेला ती मोकळी जागा सहन झाली नाही. त्याने घसा साफ केला आणि सूर लावायला तोंड उघडलं.

"थांब," विलिमैना दारातून म्हणाली. "येऊ दे त्यांना."

कोण, असं कुणी विचारलं नाही. एरोनीची बोटं तारांवर तशीच राहिली. बहिरा म्हातारासुद्धा चटईकडे बघू लागला. खाली समुद्र खडकांवर आपटत होता, तेवढाच आवाज. नेहमीचा तो एक श्वास आला आणि गेला. मग आणखी एक गेला. कुणी आलं नाही.

मग एरोनीने चौथी ओळ उचलली आणि गाणं संपवलं.

त्याने गिटार पेथेलीपुढे धरली. पेथेलीने हात पुढे केले नाहीत. तो काकूकडे बघत होता.

विलिमैना ओल्या हातांनीच आत आली. गोलाच्या मधून, पुरुषांना ओलांडून गेली, जे त्या घरात कुणी बाई करत नसे. खांबाजवळची चटई तिने उचलली, दोनदा झटकली आणि एरोनीच्या हातातली गिटार तिच्यात गुंडाळू लागली.

"बोटीवर खारं पाणी उडतं," ती म्हणाली. "नुसती नेऊ नकोस."

"आई, ही इथेच—"

"गप. म्हटलं होतं ना, ही एकटी येत नाही."

गाठ घट्ट बसेपर्यंत ती खाली बघत होती. मग दाराकडे वळली आणि विसळायची राहिलेली वाडगी पाण्यातून काढू लागली.

गोल पुन्हा धरायला कुणी सुरुवात केली नाही. खांबाजवळ, चटईखाली इतकी वर्षं ऊन न लागलेली जमीन दिसत होती, बाकीच्या घरापेक्षा फिकट.