भोंग्याचा ड्रायव्हर

आमच्या वस्तीवरचा भोंगा बघायला राहात्यापासून लोक यायचे. मी त्यांना चहा पाजायचे आणि उसाच्या कडेचे खांब दाखवायचे. खांबावर क्यामेरे. क्यामेऱ्यात बिबट्या दिसला की पडवीतला संगणक त्याला ओळखतो आणि भोंगा वाजवतो. माणसाला वाजत नाही, कुत्र्याला वाजत नाही, फक्त बिबट्याला. हे सगळं माझ्या नातवानं, आदिनाथनं, घरी बसून केलेलं. मी शाळेची पायरी चढले ती लगेच उतरले, पण एवढं मला पाठ होतं आणि मी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ठासून सांगायचे. शेजारचे श्रीमंतराव एकदा म्हणाले, साळूबाई, तुमचा भोंगा बिबट्याला नाव-गाव विचारून वाजतो वाटतं. मी म्हटलं, विचारतो, आणि तुमच्यासारखा बिनकामाचा हिंडत असला तर उगाच गळा काढत नाही.

ऊसतोड आमच्या रानात आली तेव्हा या भोंग्याच्या जिवावर मी शब्द देऊन बसले. टोळी पाथर्डीकडची. आसाराम मुकादम, त्याची बायको भीमाबाई, आणि त्यांच्यासारखी आणखी दोन-तीन बिऱ्हाडं. कॅनॉलच्या कडेला, उसाला लागून त्यांनी कोप्या घातल्या. कोपी म्हणजे काय, बांबू वाकवायचे, वर चटया आणि कागद टाकायचा, झालं घर. दार नाही, कडी नाही. भीमाबाई आली तीच कडेवर लेक घेऊन. जया तिचं नाव, अजून बोबडं बोलणारी. म्हणाली, आक्का, या भागात बिबट्या लई म्हणत्यात, तुमच्या अंगणात कोपी घालू द्या. माझ्या अंगणात तुरीचं खळं पडलेलं, वर सून रोज सडा-रांगोळी करणार, तिथं चुली आणि शेरडं कुठं घ्यायची? मी तिला खांब दाखवले, भोंगा दाखवला.

"तुझ्या पोरीच्या केसाला धक्का लागला तर मला विचार," मी म्हटलं. "साळूबाईचा शब्द हाय."

तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती गेली.

तोड चालू झाली तसं रान मोकळं होत गेलं आणि बिबट्या उरलेल्या उसात सरकत गेला. शेवटी कॅनॉलकडचा एवढासा तुकडा राहिला, आणि त्याच्याच काठावर कोप्या. श्रीमंतरावांचं कुत्रं त्याच आठवड्यात साखळीसकट गेलं. वनखात्याकडं पिंजरा मागितला होता, तो यायचा होता. आमचा भोंगा मात्र चोख वाजत होता. वाजला की जनावर मागं फिरायचं. भीमाबाई मला बघून हसायला लागली होती.

आणि नेमकं तेव्हाच, एका सकाळी, आदिनाथ पडवीत संगणकापुढं डोकं धरून बसलेला दिसला. मुलगा आणि सून पारनेरला लग्नाला गेलेले. घरात मी आणि तो.

मी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, काही नाही. काही नाही म्हणणाऱ्या माणसाचं तोंड तसं नसतं. खोदून विचारल्यावर कळलं की संगणक मधूनमधून अडकत होता, म्हणून यानं जुनी सिस्टीम पुसून नवी घातली. सिस्टीम नवी आणि आतलं कार्ड जुनं. बिबट्या ओळखायचं काम ते कार्ड करतं. त्या कार्डाला सिस्टीमशी बोलायला मधे एक ड्रायव्हर लागतो, आणि कार्डाच्या कंपनीनं नव्या सिस्टीमसाठी या कार्डाचा ड्रायव्हर काढलाच नाही. जुनी कार्डं वाऱ्यावर सोडलेली. ड्रायव्हर म्हणजे माणूस नव्हे, आजी, प्रोग्राम असतो, असं त्यानं मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, मला येडी समजू नको, माणूस त्या डब्यात मावणार न्हाई हे मला दिसतंय.

"मग पुसलेलं परत घाल," मी म्हटलं.

"ते टाकीवर जाऊन मोबाईलवर उतरवून बघितलं. रेंज तुटती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. नगरच्या मित्राकडं पेनड्राइव्हवर हाय, तो उद्या येतो म्हणाला."

"आणि आज?"

तो पुन्हा पडद्याकडं वळला.

कार्डावाचून संगणक आंधळा नव्हता, पण इतका मंद की क्यामेऱ्यातलं एक चित्र बघून होईपर्यंत बिबट्या येऊन, जेवून, मिशा चाटून कॅनॉलपार गेलेला असता. हे ऐकल्यावर मी उठले, बसले, पुन्हा उठले. कोपीकडं जाऊन सांगावं असं एकदा मनात आलं. पण काय सांगणार? माझा शब्द कालपर्यंत चालत होता, आज बंद पडला, असं? मी आदिनाथला बजावलं, टोळीतल्या कुणाला कळता कामा नये, अंधार पडायच्या आत नीट कर, कसंही कर.

त्यानं काय काय केलं ते मला सगळं समजलं नाही, पण त्याच्या पाठीकडं बघून बरं चाललंय की वाईट एवढं कळत होतं. पडद्यावर पांढरी अक्षरं पळायची, पळता पळता लाल व्हायची आणि थांबायची. लाल झाली की त्याचे खांदे खाली यायचे. मग मोबाईल घेऊन तो पाण्याच्या टाकीवर चढायचा, कारण आमच्याकडं रेंज फक्त टाकीवर. तिथून मित्राशी बोलायचा, आणि हवा उलटी असल्यामुळं ओरडून बोलायचा. मला पडवीत ऐकू यायचं.

"अरे जुना ड्रायव्हर चालत नाही आणि नवा कंपनी देत नाही. आज ड्रायव्हर मिळालाच पाहिजे, नाहीतर सगळं इथंच पडून राहील."

दुपार कलली. मी केलेली भाकरी त्यानं तोडलीसुद्धा नाही. मी त्याला नको ते बोलले. एवढं शिकून बसल्या जागी चालती वस्तू मोडलीस, म्हटलं. तुझ्या आज्यानं कधी चालत्या मोटेचा दोर बदलला न्हाई. त्यानं वळून बघितलं, तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. माझी जीभ तेवढ्यापुरती थांबली. दहा पुरुषांना गप्प करणारी बाई मी, पण त्या डब्याला काय शिव्या द्यायच्या? त्याला कान नव्हते आणि लाज तर त्याहून नव्हती.

उन्हं उतरायला लागली तेव्हा त्याला काहीतरी सापडलं. कुठल्या परदेशातल्या माणसानं स्वतःच्या तसल्याच जुन्या कार्डासाठी जुन्या ड्रायव्हरला ठिगळं लावून तो नव्या सिस्टीमवर चालवला होता आणि लोकांसाठी फुकट ठेवला होता. आदिनाथनं टाकीवर बसून तो मोबाईलवर उतरवला आणि संगणकात घातला. त्याचीही अक्षरं लाल झाली. यानं आत शिरून कुठली तरी ओळ बदलली. पुन्हा लाल. आणखी एक ओळ. माझं लक्ष पडद्यावर कमी आणि उंबऱ्याबाहेरच्या सावल्यांवर जास्त. मग एकदाची अक्षरं लाल न होता संपली. त्यानं संगणक बंद करून चालू केला, आणि अख्खा पडदा काळा पडला.

आम्ही दोघं त्या काळ्या पडद्याकडं बघत बसलो.

"आजी," तो म्हणाला, "मला जमत न्हाई हे."

असं तो कधी बोलला नव्हता. लहानपणी विहिरीत पडला होता तेव्हासुद्धा वर काढल्यावर म्हणाला होता की मी आपणच येत होतो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात त्यानं कान डब्याला लावला. आतल्या कार्डाचा पंखा फिरत होता, म्हणाला, आणि कार्ड झोपलेलं असलं तर तो फिरत नाही. पडदा गेलाय, पण कार्ड कदाचित जागं झालंय. भोंग्याला पडदा लागत नाही.

"कदाचित म्हणजे काय?"

"कळायला एकच रस्ता. मोबाईलवर बिबट्याचं चित्र मोठं करून कोपीजवळच्या क्यामेऱ्यापुढं धरायचं. भोंगा वाजला तर चालू हाय. तेवढं चित्र टाकीवर जाऊन घेतो आणि येतो."

मी थांबले नाही. दिवस बुडाला होता. बॅटरी घेतली, काठी घेतली आणि तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून कोप्यांकडं निघाले. जाताना ठरवलं की भीमाबाईला खरं काही सांगायचं नाही, नुसतं म्हणायचं, आजची रात अंगणात चला, थंडी लई हाय.

कोप्यांपाशी पोचले तर चुली पेटलेल्या, बायका भाकरी थापतायत, जया पाचटावर बसून शेरडाच्या करडाशी खेळतीय. तिच्या पाठीमागं हाताच्या अंतरावर ऊस. आणि बाप्या माणूस एकही नाही.

"आसाराम कुठंय?" मी विचारलं.

"गेले की समदे," भीमाबाई म्हणाली. "डायवर आणायला."

"कसला डायवर?"

"आता कसला म्हंजी? तुमचाच नातू दुपारधरनं टाकीवरून बोंबलतोय, जुना डायवर चालत न्हाई आन नवा कंपनी देत न्हाई म्हणून. भरलेला ट्रॅक्टर हितं उभा, आमचा डायवर जेवून येतो म्हणून गेला तो आलाच न्हाई. आमी म्हणलं, कारखान्यानं त्याला काढला जणू. तोडलेला ऊस वाळून गेला तर कुणाच्या अंगावर? म्हणून आमचे हे आन आणखी एक जण कारखान्यावर गेले, बाकीचे खालच्या गावात. तिथं वाल्मिक म्हणून कोण डायवर हाय म्हणं."

आदिनाथला मी दिवसभर सांगत होते की टोळीत कुणाला कळू देऊ नको, आणि टोळीनं सगळं ऐकलं होतं. ऐकून त्यांना जो ड्रायव्हर माहीत, त्याच्या शोधात सगळे पुरुष अंधारात निघून गेले होते, पोरंबाळं उसाच्या काठावर टाकून. कारण काठावर भोंगा होता. कारण साळूबाईचा शब्द होता.

"भीमा," मी म्हटलं, "उठ. पोरं घे, शेरडं सोड, अंगणात चल."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "आलो तेव्हा अंगण मागितलं तर तूर आडवी आली. आता काय झालं?"

थंडीचं ओठावर आलं होतं. ते बोलवेना.

"भोंगा बंद हाय," मी म्हटलं. "सकाळपासनं. तो डायवर तुमच्या ट्रॅक्टरचा न्हाई, भोंग्याचा हाय. त्योच मिळत न्हाई."

चुलीपाशी बसलेल्या बायकांनी हात थांबवले. भीमाबाई माझ्याकडं बघत राहिली. तिनं शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

"सकाळपासनं," ती म्हणाली. "आन पोर माझी दिसभर हितं लोळतीय."

तव्यावर भाकरी तशीच ठेवून ती उठली. जयाकडं गेली, मी शेरडाच्या दाव्याला हात घातला, आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

असा वाजला की करडू माझ्या पायांत शिरलं. कॅनॉलच्या पाण्यावरून आवाज परत आला. बायका दचकल्या, मग एक जण हसली, मग सगळ्याच. भीमाबाईसुद्धा. मला वाटलं, आदिनाथनं वाटेतल्याच एखाद्या क्यामेऱ्यापुढं चित्र धरलं. मी वर क्यामेऱ्याकडं बघून हात जोडले, आदिनाथच्या नावानं मोठ्यानं म्हटलं, केलंस रे बाबा, केलंस, आता चित्र खाली घे, कान फुटले.

भोंगा थांबेना.

वस्तीकडच्या वाटेवर बॅटरी हलत होती. आदिनाथ बुडख्यांत अडखळत पळत येत होता, दुसऱ्या हातात मोबाईल. पोचला तो धापा टाकत. मी म्हटलं, अरे बंद कर ते चित्र. त्यानं माझ्याकडं बघितलं, क्यामेऱ्याकडं बघितलं, मग उसाकडं.

"आजी," तो म्हणाला, "मी अजून दाखवलंच न्हाई."

जया भीमाबाईच्या हातात होती का अजून पाचटावर, ते मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की काठी टाकून मी तिला काखोटीला मारली होती, आणि भीमाबाईनं माझा दंड असा धरला होता की नंतर तिथं तिची बोटं उमटली. आदिनाथ उसाकडं तोंड करून, दोन्ही हात पसरून, मागं मागं सरकत होता. बायका ताटं बडवत होत्या. सुक्या पानांत काहीतरी हललं, जवळ नाही आणि लांबही नाही. उसाचे शेंडे एका रांगेत वाकत गेले आणि थांबले. मी त्या जनावराला त्याच्या सात पिढ्यांसकट काय काय बोलले ते इथं सांगता येणार नाही.

मागं वळून कुणी पळायचं नाही, असं आदिनाथ सारखं सांगत होता. आम्ही एकमेकींना धरून, पोरं मधे घेऊन, पाठमोरं चालत वस्तीवर आलो. शेरडं आमच्या आधी पोचली होती.

पोरांना आत घेतलं, दार लावलं. जया रडून रडून माझ्या खांद्यावर निवली होती, पण माझा पदर सोडत नव्हती. भीमाबाई माझ्याशी बोलत नव्हती. खिडकीला उभी राहून ती कारखान्याच्या वाटेकडं बघत होती. त्या वाटेवर तिचा नवरा होता, आणि ती वाट उसाच्या त्याच तुकड्याला वळसा घालून येते. आदिनाथ आसारामला फोन लावत होता. लागत नव्हता, आणि टाकीवर जायला मी त्याला सोडत नव्हते.

पडवीत संगणकाचा पडदा काळाच होता. जनावर कुठं आहे हे त्यात दिसायची सोय नव्हती. भोंगा वाजतोय म्हणजे ते आज मागं न फिरता अजून क्यामेऱ्यापुढंच आहे, आमच्या माणसांच्या वाटेला गेलेलं नाही, एवढंच आम्हाला कळत होतं. सकाळपासून ज्या आवाजासाठी मी जीव टाकला, तो थांबू नये म्हणून आता आम्ही सगळ्या श्वास धरून बसलो होतो.

आणि मग भोंगा थांबला.

बिबट्या हलला म्हणून, की कार्ड पुन्हा झोपलं म्हणून, हे सांगायला कोणी नव्हतं. आदिनाथनं डब्याला कान लावला. भीमाबाईनं पहिल्यांदा त्याच्याकडं वळून बघितलं.

"फिरतोय," तो म्हणाला. "पंखा फिरतोय."

भीमाबाईनं कोपऱ्यातली माझी पितळी परात उचलली, पळी उचलली, दार उघडलं आणि अंगणात जाऊन कारखान्याच्या वाटेकडं तोंड करून ती बडवायला लागली. मी जयाला आदिनाथच्या मांडीवर दिलं आणि घागर घेऊन तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.