दातखिळीतला चमचा

मी चमचा बोलतोय. साहेबांच्या मागेपुढे करतो तो नव्हे हं. खराखुरा, स्टीलचा, लांब दांड्याचा. कारखान्यात आम्ही बारा भाऊ एकाच पत्र्यातून निघालो, पण ठकीला पहिला घास भरवायला तिच्या आईने उचललं ते मलाच. बाकीचे अकरा हेव्याने जळून खाक झाले. मला भारी मजा वाटली.

ठकी दोन वर्षांची असताना एका दुपारी तिला सणसणून ताप भरला. आई माझ्यातून तिला पाणी पाजत होती. एकाएकी पोरीचे डोळे वर गेले, हातपाय ताडताड उडू लागले, दातखीळ बसली.

"वन्सं, धावा!" आई किंचाळली.

ठकीची आत्या शिवणयंत्र सोडून धावत आली. "चमचा दे इकडे! जीभ गिळेल पोर!" आणि तिने मला ठकीच्या दातांत खुपसलं.

काय सांगू तो मान! हिरडीतून रक्त आलं, पुढच्या दाताचा टवका उडाला, पण मला त्याचं काय? आत्याच्या मुठीत मी थेट दवाखान्यात पोचलो. तिथे सुई दिल्यावर झटके थांबले. श्रेय मात्र मी मनातल्या मनात घेऊन टाकलं.

"किती वेळ चाललं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तासभर तरी," आत्या म्हणाली.

"दहाएक मिनिटं असतील," आई म्हणाली. घड्याळ कुणीच पाहिलं नव्हतं.

बाईंनी ताप मोजला, मान वाकवून पाहिली, कानांत बॅटरी मारली. एक कान आतून लालभडक होता, ताप त्याचाच होता. मग त्यांनी तोंड उघडून पाहिलं, आणि नंतर माझ्याकडे पाहिलं.

"हा घातलात? अहो, जीभ कुणी गिळत नाही. तो दाताचा तुकडा श्वासनळीत गेला असता म्हणजे?"

आत्याची मान खाली गेली. बाईंनी सांगितलं, "कुशीवर वळवा. तोंडात काहीही घालू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर हा नाकात मारा आणि तडक इकडे या." आणि त्यांनी झटके थांबवणाऱ्या औषधाचा करंगळीएवढा एक फवारा आईच्या हातात ठेवला.

तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. कालचा आलेला हा दीडदमडीचा प्लास्टिकवाला, आणि त्याचे लाड बघा! त्याला वेगळी डबी. आई रोज उघडून त्याच्यावरची तारीख वाचते. घराबाहेर पाऊल टाकताना, "फवारा घेतला का?" चमचा घेतला का, असं कुणी कधी विचारलं? तापाचं औषधही आता पिचकारीने मोजून देतात. घरचा चमचा नको म्हणे!

दोन महिन्यांनी ठकीला पुन्हा ताप आला. आई कामावर गेलेली, घरी एकटी आत्या. आकडी आली तशी आत्या स्वयंपाकघरात धावली आणि तिचा हात सरळ माझ्यावर पडला. ये बाई ये, मी म्हटलं. मला घट्ट धरून ती ठकीजवळ धावत आली. क्षणभर थांबली. मग जमिनीवर असं आपटलं की मी पलंगाशी जाऊन पडलो.

तिने ठकीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली दुपट्याची घडी सारली, डबी जवळ ओढली, आणि घड्याळाकडे बघत बसली. दोन मिनिटं झाली. चार झाली. पोरीचे ओठ निळसर दिसायला लागले. आणि मी काय म्हणत होतो सांगू? फसू दे मेला. फवारा फसू दे. मग मलाच उचलतील.

पाच मिनिटं होताच तिने फवारा मारला. थोड्या वेळाने ठकीचे हात सैल पडले, श्वास सरळ झाला. आत्याने फोन लावला. "वहिनी, थांबलं गं. सात मिनिटं. मी मोजली." आणि ती हमसून हमसून रडली. मग पोरीला उचलून दवाखान्याकडे धावली.

मी आता खालच्या खणात असतो, बुचं आणि दोऱ्यांच्या गुंत्यात. सुधारलोय असं समजू नका. फवाऱ्याचं नाव काढलं की अजून माझा तिळपापड होतो. तुमच्या घरातही माझा एखादा भाऊ असेलच. कधी लेकराला आकडी आली, तर तुमचा हात आपोआप त्याच्याकडे जाईल, आणि तो तुम्हाला हाका मारेल. मला विचाराल तर, ती हाक लेकरासाठी नसते. हात मागे घ्या.